पाच ते सातची आई

शिवगंगाला आईपणाची नोकरी लागली तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ती हेच काम बिनपगारी करत होती. पण त्याला कुणी पद म्हणत नव्हतं.

ती उदगीरकडची. तिचं गाव कर्नाटकाला इतकं खेटून की, चरायला सोडलेली म्हैस जरा लांब गेली तर तिला हाकारायची भाषा बदलावी लागे. घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली. आईला अव्वा म्हणायचं, देवघरात महादेव, कपाळाला विभूती. नवरा चंद्रप्पा शेतात राबणारा, कमी बोलणारा. एकुलता मुलगा मृत्युंजय पुण्याकडं कंपनीत. तो महिन्यातून दोनदा फोन करायचा आणि दोन्ही वेळा "बाकी काय?" असं विचारून ठेवून द्यायचा.

होळी झाली की गावातल्या बोअर घशाला कोरड पडल्यासारख्या घरघरायच्या आणि टँकर यायचा. टँकरमागं पळून पळून शिवगंगाच्या गुडघ्यांतलं वंगण संपलं. उदगीरचा डॉक्टर म्हणाला, "वजन उचलायचं नाही."

"मग पाणी कोण उचलंल?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या. कागदावर गोळ्या लिहिता येतात, नळ लिहिता येत नाही.

शेवटी तिनं लातुरात मुलींच्या एका होस्टेलमध्ये स्वयंपाकाचं काम धरलं. शहरात नळाला पाणी असतं, एवढाच तिचा हिशेब. चंद्रप्पा गावातच राहिला. "गाय कुणाच्या जिवावर सोडू?" म्हणाला. बायको कुणाच्या जिवावर सोडतो आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही.

लातुरात दोन गोष्टी बाहेरगावाहून कच्च्या येतात आणि पॉलिश होऊन बाहेर पडतात: तूर आणि पोरं. 'यशोशिखर गर्ल्स रेसिडेन्सी' हा पोरींना पॉलिश करण्याच्या साखळीतला एक दुवा. चार मजले पक्के आणि त्यावर पत्र्याचा पाचवा. त्याला मालक दयानंद सरांनी 'स्काय फ्लोअर' असं नाव दिलं होतं. नाव खोटं नव्हतं. एप्रिलमध्ये तिथं राहणारी मुलगी आणि सूर्य यांच्यामध्ये फक्त पत्रा असायचा. एकूण चौसष्ट मुली, सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं, निदान त्यांच्या बापांना तरी. पहाटे क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रविवारी टेस्टची टेस्ट.

दिवाळीआधी पालकसभा झाली. एका पालकानं उठून विचारलं, "मुलींच्या मनावर ताण येतो म्हणतात. तुमच्याकडं त्याची काय सोय?" सभेत कुजबुज झाली. समोरच्या होस्टेलनं ताण घालवायला पांढरंशुभ्र विदेशी कुत्रं आणलं होतं, मुली त्याला कुरवाळत आणि त्याचे फोटो पालकांच्या ग्रुपवर पडत. दयानंद सर दोन दिवस विचारात होते. कुत्र्याची चौकशीही केली. पण त्या जातीच्या कुत्र्याला एसी लागतो असं कळलं. आईला लागत नाही. म्हणून सरांनी आई ठेवायचं ठरवलं.

बाहेरून माणूस आणण्यापेक्षा स्वयंपाकघरातलंच बरं. शिवगंगाच्या हाताला चव होती, मुली आपणहून तिला अव्वा म्हणत होत्या, आणि चेहरा फ्लेक्सवर शोभण्यासारखा होता. तिला नवं इरकल नेसवून, हातात पळी देऊन फोटो काढला. खाली लिहिलं: 'इथं प्रत्येक मुलगी आमच्या घरची.'

कामाचे नियम ऑफिसच्या आरती मॅडमनी तयार केले. आरती मॅडम वाईट नव्हत्या, फक्त त्यांना रकाना दिसला की तो भरावासा वाटायचा. त्यांनी एक माया नोंदवही आखली. मुलीचं नाव, वेळ, समस्या, केलेली कार्यवाही. कार्यवाहीत पर्याय दिलेले: डोक्यावरून हात फिरवला, पाठीवरून हात फिरवला, कुशीत घेतलं, इतर. कुशीत घेतलं तर मुलीची सही घ्यायची.

"वेळ पाच ते सात," मॅडम म्हणाल्या. "चौसष्ट मुली आहेत. एकीला दोन मिनिटांच्या आत उरकायचं."

"आन् एखादी लई रडूलाली तर?"

"तर तिला उद्याच्या यादीत पहिली घ्या."

शिवगंगानं पदर खोचला. पोळ्या लाटताना ती चौसष्ट मुलींना पुरी पडत होती, मायेला का पडणार नाही, असं तिला वाटलं. अडचण एकच झाली. चंद्रप्पा धार काढून सहाला फोन करायचा, आणि सहा म्हणजे भर मायेची वेळ. मॅडमनी बजावलं, "ड्युटीत वैयक्तिक माया नको." मग चंद्रप्पानं धारेची वेळ अलीकडं ओढली आणि चारला फोन करू लागला. गाईनं समजून घेतलं. संस्थेला बदल अर्जानं कळवावा लागला असता.

नोकरी हळूहळू अंगवळणी पडली. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर रांगेत बसत. कुणाचे मार्क उतरलेले, कुणाची मैत्रीण रुसलेली, कुणाचा बाप फोनवर फक्त "कितवा नंबर?" एवढंच विचारणारा. शिवगंगा ऐकून घ्यायची, केसांतून बोटं फिरवायची, वहीत 'डोक्यावरून हात' लिहायची. ती सातवी शिकलेली, अक्षर गोल होतं. सर वही बघून खूष व्हायचे. दर महिन्याला पालकांच्या ग्रुपवर आकडा पडायचा: 'या महिन्यात एकूण एक हजार सातशे वेळा मायेचा हात.'

त्या मुलींत एक वर्षाराणी होती, कंधार तालुक्यातली. दुष्काळाच्या साली जन्मली म्हणून बापानं आशेनं नाव वर्षाराणी ठेवलं. पाऊस काही नावाला भुलला नाही. गेल्या वर्षी तिचे मार्क थोडक्यात हुकले, म्हणून हे दुसरं वर्ष. स्काय फ्लोअरवर राहायची, कारण दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एकांत हवा असं सरांचं मत होतं. पोरगी हसरी, पण जानेवारीपासून तिचं हसू आखडत गेलं.

"काय ग, काय होऊलालंय?" शिवगंगानं एकदा विचारलं.

"काही न्हाई अव्वा. गावात फाट्यावर बोर्ड लावलाय माझा. 'भावी डॉक्टर' म्हणून, ह्या एवढ्या फोटोसकट. दिवाळीला गेले तर एक थांबा आधी उतरले. तोंडाला स्कार्फ बांधून चालत गेले घरी."

शिवगंगानं तिला कुशीत घेतलं आणि सही घ्यायची विसरली.

मार्च उजाडला आणि लातूरनं आपला खरा चेहरा दाखवला. होस्टेलची बोअर आटली. टँकर एक दिवसाआड येऊ लागला. मुलींना दिवसाला दोन बादल्या. आंघोळ, कपडे, संडास, सगळं त्यातच. स्काय फ्लोअरपर्यंत बादली चढवताना निम्मी जिन्याला पाजली जाई. प्यायच्या पाण्याचे जार मात्र रोज येत, त्यात सरांनी कधी कसूर केली नाही. त्यावर होस्टेलचं नाव छापलेलं होतं.

आणि इथं शिवगंगातली स्वयंपाकीण कामाला आली, आई नव्हे. जेवणाच्या खोलीतले जार बदलायचं काम तिचंच. तिच्या लक्षात आलं की हिवाळ्यात संध्याकाळपर्यंत रिकामे होणारे जार आता अर्धे उरताहेत. ऊन बेचाळीसवर, पत्र्याखाली पोरी भाजताहेत, आणि प्यायचं पाणी उरतंय? हे काही खरं नव्हे. त्या संध्याकाळी तिनं मायेची रांग लावली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: "दिवसाला पाणी किती पितीस?"

मुली आधी लाजल्या. मग एकेक बोलू लागली. वर्षाराणी म्हणाली, "पिलं की जावं लागतंय, अव्वा. जायला वर पाणीच नसतंय. क्लासात दीडशे पोरींना दोन संडास. त्यापेक्षा न पिलेलं बरं."

"डोकं दुखतंय म्हणत होतीस, ते?"

"सगळ्याच म्हणतात. सर म्हणले अभ्यासाचा ताण हाय."

शिवगंगाला आपल्या गावाची आठवण आली नाही; यायची गरजच नव्हती, गाव इथंच पाचव्या मजल्यावर चढून बसलं होतं. तिनं वही उघडली. समस्येच्या रकान्यात चौसष्ट वेळा 'पाणी' लिहिलं आणि कार्यवाहीत 'इतर'.

वही सरांच्या टेबलावर गेली. सरांनी ती दोनदा वाचली आणि त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी आरती मॅडमना बोलावलं. "बघा, चौसष्टच्या चौसष्ट मुलींच्या डोळ्यांत पाणी आलंय. बाईंनी किती मोजक्या शब्दांत मांडलंय!" लगेच पुण्याहून एक वक्ते बोलावले गेले. 'अश्रूंचे मोती करा' या विषयावर ते स्काय फ्लोअरच्या पत्र्याखाली दीड तास बोलले आणि त्या दीड तासात त्यांनी एकट्यानं तीन बाटल्या पाणी प्यायलं. नंतर संडास कुठं आहे म्हणून विचारलं. त्यांना सरांच्या केबिनमधल्यात नेण्यात आलं.

शिवगंगा सरांना जाऊन सरळ म्हणाली, "सर, डोळ्यातलं न्हाई. मोरीतलं."

सर मायेनं हसले. "मावशी, सगळ्या लातुरात पाण्याची टंचाई आहे. निसर्गापुढं आपण काय करणार? आपल्या हातात मन आहे. मन खंबीर करायचं."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर्षाराणी क्लासमधून परतताना जिन्यातच बसली. अंगात हुडहुडी, पाठीत कळा, लघवीला जाताना डोळ्यांत टचकन पाणी. हे मात्र खरंच डोळ्यांतलं. शिवगंगानं रिक्षा केली आणि तिला डॉक्टर बुद्धप्रिया यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, दहा वर्षांपूर्वी अशाच एका होस्टेलात राहून शिकलेली. तिनं तपासलं, सलाईन लावली आणि विचारलं, "कुठल्या होस्टेलची? असू दे, सांगू नका. या महिन्यातली ही अकरावी मुलगी. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढत चाललंय. उशीर केला असता तर परीक्षा राहिली असती बाजूला."

"औषध?"

"गोळ्या देते. पण खरं औषध दिवसाला तीन लिटर पाणी, आणि ते जिरल्यावर जायला स्वच्छ जागा."

"ते चिठ्ठीवर लिवून देता का?"

डॉक्टरीणीनं तिच्याकडं बघितलं, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून खाली शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणीचे वडील किशनराव आले. पांढरी टोपी, पायात धुळीच्या वहाणा, हातात घरच्या दुधाचा पेढा. चार एकर कोरडवाहूत घाम गाळणारा, पोरीवर जीव टाकणारा माणूस. पेढा त्यानं पोरीच्या उशाशी ठेवला. मग शिवगंगाला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, परीक्षेला महिना राह्यला. होईल ना नीट?"

"अंगानं होईल," शिवगंगा म्हणाली. "मनाचं इचारत असाल तर तुमचा त्यो बोर्ड काढा."

"गावानं लावलाय जी. सरपंच, मित्रमंडळ, समद्यांचे फोटो हायती त्यावर. हिच्यापेक्षा त्यांचेच मोठे. काढला तर गाव इचारंल."

"वाऱ्यानं फाटला म्हणा. वारं काय साक्षीला येऊलालंय?"

किशनराव पहिल्यांदा हसला. पुढच्या आठवड्यात कंधारच्या बाजूला अवकाळी वादळ झालं. फाट्यावरचे बाकीचे सगळे बोर्ड शाबूत राहिले. तेवढाच एक अगदी चौकोनी फाटला, विळ्यानं कापल्यासारखा. निसर्गापुढं कोण काय करणार!

चिठ्ठी घेऊन शिवगंगा ऑफिसात गेली. आरती मॅडमनी ती मेडिकलच्या फाइलला लावली. शिवगंगा हलली नाही. "मॅडम, माझे नियम वाचून दावा जरा. सात नंबरचा."

मॅडमनी वाचलं: "मुलींना वेळोवेळी घरगुती वातावरणाचा अनुभव द्यावा."

"हाव. तेवढंच पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला स्काय फ्लोअरच्या वीस मुली खाली उतरल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि धुतलेला ड्रेस. पुढं शिवगंगा, दुखऱ्या गुडघ्यानं हेलपाटत. ही मिरवणूक दोन गल्ल्या ओलांडून एका बंगल्यासमोर थांबली. बंगल्यापुढं हिरवंगार लॉन. लॉनवर फवारा गोल गोल फिरत होता आणि झोपाळ्यावर सत्तरीच्या एक बाई त्याच्याकडं एकटक बघत बसल्या होत्या, टीव्ही बघावा तशा. या दयानंद सरांच्या आई, उमादेवी.

"कोण ग तुम्ही?"

"सरांच्या पोरी," शिवगंगा म्हणाली.

उमादेवींच्या हातातली जपमाळ गळाली. "दयानंदाच्या? इतक्या?"

शिवगंगाला चूक कळली आणि ती मोकळी हसली. मग फ्लेक्सवरची ओळ तिनं पाठ म्हणून दाखवली. "'इथं प्रत्येक मुलगी आमच्या घरची.' तर म्हणलं, पोरींना घर तरी दाखवावं. आठ दिवस झाले, कुणी डोक्यावरून पाणी घेतलं न्हाई."

उमादेवींनी मुलींकडं नीट पाहिलं. तेलकट वेण्या, घामोळ्यांनी लाल झालेल्या माना. मग शिवगंगाच्या कपाळावरची विभूती पाहिली आणि कानडीत म्हणाल्या, "बा अव्वा, ओळगं बा." आत ये म्हणाल्या. आतल्या तिन्ही मोऱ्यांचे नळ एकदम सुटले.

साडेसहाला सर घरी आले. ते एका शाळेत 'कुटुंबसंवाद' या विषयावर बोलून येत होते. बघतात तर लॉनवर वीस मुली केस मोकळे सोडून बसलेल्या, फवारा बंद, आणि आई परातीतून सुसला वाढते आहे. चुरमुरे भिजवून, फोडणी देऊन, वर दाण्याचं कूट, सरांना लहानपणी आवडायचा तसा.

"हे काय चाललंय मावशी?" सर ओरडले. "उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"दयानंदा, आवाज खाली," उमादेवी म्हणाल्या. "तुझं लग्न झाल्यापासून ह्या घरात इतकी माणसं जेवली नव्हती. आणि मला किती महिन्यांनी कुणीतरी 'तुम्ही जेवलात का' म्हणून विचारलंय. ह्या उद्या येणार आहेत. परवा दुसऱ्या वीस."

सर पालकांना आईचं महत्त्व रोज सांगत. त्यामुळं त्यांना आईपुढं बोलायची सवय उरली नव्हती. ते आत गेले.

आठ दिवस हे चाललं. लॉनच्या वाट्याचं पाणी मुलींच्या केसांत गेलं. नवव्या दिवशी लॉनला पिवळे डाग पडले. ते गवत बंगलोरहून मागवलेलं होतं. दहाव्या दिवशी होस्टेलवर रोज टँकर सुरू झाला, गच्चीवर दोन नव्या टाक्या चढल्या आणि स्काय फ्लोअरला दोन संडास वाढले. निसर्गाची टंचाई दहा दिवसांत कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही. सरांनी ते मुलींसाठी केलं की गवतासाठी, याची चर्चा स्वयंपाकघरात झाली तेव्हा शिवगंगा म्हणाली, "कुणासाठी आलं ते पाणी इचारत न्हाई. भरा बादल्या." पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत 'मुबलक पाणी, आमच्या मायेची परंपरा' असं छापून आलं. आणि कामावरून काढलेल्या शिवगंगाचा फोटो तसाच राहिला, कारण तिला काढलं आहे हे सर रागाच्या भरात बोलून विसरले होते आणि ती कानाआड करून रोज कणीक मळत होती.

वर्षाराणीनं परीक्षा दिली. एमबीबीएसला पुरतील इतके मार्क याही वर्षी आले नाहीत. तिनं नांदेडला नर्सिंगला प्रवेश घेतला. किशनराव आठ दिवस फाट्याकडं फिरकला नाही. मग गावात कुणी विचारलं की सांगू लागला, "डॉक्टर सलाईन लिवतो. लावती कोण?" हे उत्तर त्याला पोरीनं शिकवलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, कुणास ठाऊक.

पावसाळा लागला तेव्हा दयानंद सरांनी शिवगंगाला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. "मावशी, त्या आठ दिवसांत आईचं बीपी उतरलं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. तुम्ही सकाळी नऊ ते अकरा बंगल्यावर येत जा. आईशी बोलायचं, विचारपूस करायची, जेवलीस का म्हणायचं. वेगळा पगार देईन. आरतीला सांगून छोटीशी वही—"

"न्हाई, सर."

"का? मुलींचं करताच ना?"

शिवगंगाला आपल्या मृत्युंजयचं "बाकी काय?" आठवलं, आणि आपण त्याला कधी बाकीचं काही सांगितलंच नाही, हेही.

"पोरींच्या आया लांब हायती, म्हणून मी करते. तुमची आई दोन गल्ल्या पलीकडं हाय. तिथं माणूस लावू नका, तुम्हीच जावा."

सरांनी समोरचं कॅलेंडर बराच वेळ चाळलं. "रविवारी अर्धा तास काढता येईल," ते म्हणाले, आणि त्यांनी खरंच काढला. दोन रविवार ते झोपाळ्यावर आईशेजारी बसले. तिसऱ्या रविवारी उमादेवीच म्हणाल्या, "जा बाबा, तुझा फोन सारखा वाजतोय, दर वेळी तू उठतोस आणि मला झोका लागतो."

त्यापेक्षा त्यांनी स्वतःच रिक्षा ठरवली. रोज चारच्या सुमाराला त्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागल्या. आधी नुसत्या बसायच्या. मग मेथी निवडू लागल्या. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणू लागल्या. शिवगंगा म्हणायची मीठ बरोबर आहे, उमादेवी म्हणायच्या चाखून तरी बघ. दोघी कानडीत सुरू झाल्या की जिन्यावरच्या मुलींना वाटायचं, कडाक्याचं भांडण लागलंय. आणि बहुतेक वेळा ते लागलेलंच असायचं.